भूत कोणाला म्हणावे?

वसतिगृहात रात्रीची जेवणे आटोपली आणि एखाद्या खोलीतून फासे खुळखुळल्याचा आवाज आला, की खुशाल समजावे, आत कोणी तरी कोणाला तरी बोलावतो आहे. कोणी शेगडीभर निखाऱ्यांतून धगधगता अग्निपुरुष उभा करतो, कोणी नदीच्या डोहातून पाण्याचा खांब उठवून शत्रूवर धाडतो. ज्यांना फाशांचा नाद नाही ते हेच काम मोबाइलवर अंगठ्याने करतात. या खेळांना आपण मराठीत अद्भुताचे खेळ म्हणू. ते चांगले की वाईट, त्यांपायी परीक्षा बुडतात की नाही, हा वाद प्राध्यापकांनी आणि पालकांनी घालावा. प्रस्तुत लेखकाला पडलेला प्रश्न निराळा आहे. बोलावल्यावर जो येतो तो कोण? त्याला कोणत्या वर्गात घालायचे? आणि बोलावणाऱ्यावर त्याचा काही हक्क पोचतो की नाही?

प्रश्न पोरकट वाटेल. पण युरोपातल्या एका नामांकित वैद्याने त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. पॅरासेल्सस हा स्विस वैद्य १५४१ साली वारला आणि त्याचा हा ग्रंथ १५६६ साली छापून निघाला. पृथ्वी, आप, तेज, वायू ही चार तत्त्वे ग्रीकांच्या काळापासून युरोपात मानली जात होतीच. पॅरासेल्ससने त्या प्रत्येकात वस्ती करणारी एकेक जमात सांगितली. पाण्यात उंडीन, हवेत सिल्फ, जमिनीच्या पोटात ठेंगणे नोम आणि अग्नीत सॅलमँडर. मासा जसा पाण्यात सुखाने राहतो तसे हे आपापल्या तत्त्वात राहतात. त्यांना हाडामांसाचे शरीर आहे, ते खातात, पितात, बोलतात, संसार करतात. उणीव एकच, त्यांना आत्मा नाही. मात्र उंडीन जर माणसाशी विवाह करील, तर तिला आत्मा लाभतो. याच कल्पनेवर फुके या जर्मन लेखकाने १८११ साली आपली ‘उंडीन’ ही प्रसिद्ध कथा रचली. आज जगभर खेळांत जे तत्त्वप्राणी वावरतात त्यांची वंशावळ या वैद्यापाशी येऊन थांबते. परंतु मधल्या काळात लग्नाचा आणि आत्म्याचा भाग गळून गेला. चार खाने तेवढे उरले.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. त्यात हे चार खाने जसेच्या तसे आले, आणि त्यांबरोबर एक फार मोलाचा नियम आला. बोलावलेल्या तत्त्वप्राण्यावर मांत्रिकाचे चित्त अखंड एकाग्र हवे; ते ढळले की तो प्राणी उलटून मांत्रिकावरच चालून जाणार. पुढच्या आवृत्त्यांत साहित्याची यादीही आली. वायूसाठी जळता धूप, पृथ्वीसाठी मऊ चिकणमाती, अग्नीसाठी गंधक आणि फॉस्फरस, पाण्यासाठी पाणी व वाळू. आपल्याकडच्या पूजेच्या यादीची आठवण व्हावी असा हा थाट आहे. २०१४ च्या नियमांतही चित्त ढळले की प्राणी वैरी होतो, हे कलम टिकून होते. २०२० साली त्याच खेळाच्या एका पुरवणीग्रंथात तत्त्वप्राणी बोलावण्याचा नवा मंत्र आला. त्यात चित्त ढळले तर प्राणी नुसता नाहीसा होतो. रागावत नाही, उलटत नाही. २०२४ च्या मुख्य ग्रंथात तर जुन्या मंत्राने प्राणी येतच नाही. हाताला न लागणारी, जागची न हलणारी एक आकृती येते आणि जवळ येईल त्याला इजा करते.

मित्रहो, पन्नास वर्षांचा हा प्रवास जरा निरखून पाहा. आधी आत्मा गेला, मग राग गेला, शेवटी पायही गेले. खेळ सुटसुटीत व्हावा म्हणून हे केले हे उघड आहे. टेबलाभोवती पाच जण बसलेले असताना प्रत्येकाने आणलेल्या प्राण्याची मर्जी सांभाळत बसले तर पहाट होईल. तरीही जे उरले ते प्राणी राहिले नाही. ते हत्यार झाले, आणि हत्याराचे वर्गीकरण त्याच्या धारेवरून होते. हा जाळणारा, तो बुडवणारा, एवढे कळले की पुरे.

जपानी खेळांचे पाहा. ‘फायनल फँटसी’ मालिकेचा तिसरा खेळ १९९० साली निघाला. त्यात बोलावून आणायच्या शक्तींमध्ये इफ्रित ही अग्नीची शक्ती आहे. मूळचा इफ्रित अरबी परंपरेतला जिन्न. आणि बर्फाची शक्ती म्हणून जी गोठवणारी स्त्री येते तिचे नाव चक्क शिवा! कैलासावर बर्फ आहे एवढ्या आधारावर भोळ्या शंकराची ही बदली झाली असावी असे गमतीने म्हणावेसे वाटते. यावर संतापण्याचे मला काही कारण दिसत नाही. फक्त एवढेच की नाव उचलता येते, त्या नावामागचे नाते उचलता येत नाही. हे लक्षात ठेवण्याची पाळी आता आपल्यावर आली आहे, कारण आपल्याकडचेही विद्यार्थी संगणकावर खेळ रचू लागले आहेत, आणि त्यातले बहुतेक जण अग्निभूत, जलभूत, वायुभूत अशी भाषांतरे करून मोकळे होतात. खाने पॅरासेल्ससचे, पाट्या आपल्या.

वस्तुतः ‘भूत’ हा शब्दच या खान्यांत मावत नाही. संस्कृतातल्या ‘भू’ धातूचे हे रूप. भूत म्हणजे जे झाले ते. म्हणून सरून गेलेला तो भूतकाळ. जे जे जन्मले ते भूत, म्हणून प्राणिमात्रावरची ती भूतदया. ज्यांपासून सारे झाले ती पंचमहाभूते. आणि पिंपळावर बसते तेही भूतच. एकाच शब्दात मूलद्रव्य, सजीव, मेलेला माणूस आणि व्याकरणातला काळ इतके सारे सामावले आहे. कन्नडातही हा शब्द याच अर्थांनी चालतो. सीमाभागात एक शब्द दोन्ही भाषांत बिनतक्रार चालावा ही काही थोडकी गोष्ट नव्हे. तेव्हा त्याचा मान राखून पुढे जाऊ.

ज्यांनी संस्कृत विषय घेतला आहे त्यांच्या हातून अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ गेला असेल. सतराव्या शतकातले हे चिमुकले पुस्तक बहुतेकांनी गुणांसाठी पाठ केले आणि विसरून टाकले. पण त्यात द्रव्यांचे जे प्रकरण आहे ते या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. पृथ्वी, जल, तेज आणि वायू या चारांपैकी प्रत्येक द्रव्य परमाणुरूपाने नित्य आणि कार्यरूपाने अनित्य. हे कार्य पुन्हा तीन प्रकारचे: शरीर, इंद्रिय आणि विषय. म्हणजे प्रत्येक तत्त्वाची स्वतःची शरीरे आहेत! पाण्याची शरीरे वरुणलोकात, तेजाची आदित्यलोकात, वायूची वायुलोकात. पॅरासेल्ससच्या सिल्फांना आणि सॅलमँडरांना शोभतील असे हे प्राणी आपल्या तर्कशास्त्राच्या पहिल्या पुस्तकात निमूट बसलेले आहेत. तेजाच्या विषयांत तर चूल, वीज, पोटातला जठराग्नी आणि खाणीतले सोने हे चारही एका ओळीत आहेत. सोने म्हणजे गोठलेले तेज ही कल्पना कोणाही खेळकर्त्याने उचलावी अशी आहे. आणि आकाश? ते एकच आहे, सर्वत्र आहे, त्याला परमाणू नाहीत. म्हणून त्याचे शरीर होत नाही. शब्द हा त्याचा गुण तेवढा ऐकू येतो. पाचव्या तत्त्वाचा प्राणी आपल्या खेळात कसा दाखवावा असे कोणी विचारले, तर अन्नंभट्टांच्या हिशेबाने तो दाखवताच येणार नाही. तो ऐकवावा लागेल.

पण खरी मौज पृथ्वीच्या खान्यात आहे. पार्थिव शरीर कोणाचे? अन्नंभट्ट सांगतात, तुमचेआमचे. जिथे युरोपियन वैद्य जमिनीखालचा ठेंगू नोम बसवतो, तिथे आपला तार्किक स्वतः जाऊन बसतो. म्हणजे या कोष्टकात बोलावणारा आणि बोलावलेला हे दोन वर्ग नाहीत. पृथ्वीचा जो प्राणी आहे तोच हे कोष्टक लिहितो आहे. मराठीला हे विस्मरणात जाऊ द्यायचे नव्हते म्हणून की काय, माणूस गेला की वर्तमानपत्रे त्याच्या देहाला ‘पार्थिव’ म्हणतात. अन्नंभट्टांनी वरुणलोकातल्या मंडळींना खाली बोलावण्याची काही सोय सांगितलेली नाही, हे मान्य. ती सोय गावाने पाहिली.

गावाचे वर्गीकरण ग्रंथात नव्हते. आजीच्या तोंडी होते. इंग्रज अधिकाऱ्यांनी शाळामास्तरांना प्रश्नावल्या धाडून त्यातले बरेच गोळा केले. जॅक्सन यांनी जमवलेल्या आणि एन्थोवेन यांनी छापलेल्या कोकणच्या लोकसमजुतींच्या टिपणांत (१९१५) भुतांच्या जातीच्या जाती मोजलेल्या आहेत. ही यादी वाचताना पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की तत्त्वांना तिथे जवळजवळ थारा नाही. मुंज झाली पण लग्न व्हायच्या आत मुलगा गेला, तर तो मुंजा. बाळंतपणात स्त्री गेली तर अलवंतीण किंवा हडळ. सवाष्ण गेली तर जखीण आणि विधवा गेली तर लावसट. धनाची किंवा संततीची वासना ठेवून ब्राह्मण गेला तर समंध. मुसलमान गेला तर खवीस, कोळी-खारवी गेला तर झोटिंग. मेल्यावरही जात सुटत नाही म्हणतात ते येथे शब्दकोशानिशी सिद्ध होते! पाण्यात गिऱ्हा असतो खरा. पण तोही मूळचा बुडून मेलेला माणूस असेच सांगतात.

या यादीत निव्वळ तत्त्वाच्या जवळ जाणाऱ्या दोनच जाती मला दिसतात. एक आग्यावेताळ. रात्री दलदलीवर, माळावर जो फिरता उजेड दिसतो तो त्याचा. दुसऱ्या साती आसरा. विहिरीवर, नदीच्या उतारावर शेंदूर फासलेले सात दगड ज्यांनी पाहिले नाहीत असे आपल्या वेदगंगा-दूधगंगेच्या खोऱ्यात थोडेच असतील. आसरा हा शब्द अप्सरा या शब्दावरून आला, आणि अप्सरेच्या पोटात ‘अप्’ म्हणजे पाणी आहे. या आपल्या उंडीनच म्हणाना. पण त्यांनाही कोणी हत्यार म्हणून बोलावत नाही. उलट पाणवठ्यावर आपण जातो तेव्हा पाहुणे आपण असतो, आणि यजमानीण त्या.

गावाची ही यादी सुंदर नाही. तिच्यात बाईचे भय आहे, परजातीचे भय आहे. बाळंतपणात बायका मरत त्या का मरत, याचे उत्तर शोधण्याऐवजी समाजाने त्यांना उलट्या पावलांची हडळ करून झाडावर बसवले. असे असूनही एका बाबतीत ही यादी पॅरासेल्ससच्या खान्यांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. तिच्यातला प्रत्येक जण कोणी तरी होता. त्याचे काही तरी देणे राहिले आहे आणि ते गावाकडे आहे. येथे भूत म्हणजे थकबाकी.

वेताळ पंचविशी लहानपणी ऐकली नाही असा वाचक विरळा. ती गोष्ट आता जरा खेळाचे नियम म्हणून वाचून पाहा. योग्याला सिद्धी हवी आहे. राजा विक्रम हा त्याचा हमाल. झाडाला लटकलेल्या प्रेतात वेताळ आहे आणि त्याला न बोलता वाहून न्यायचे आहे. बोलावण्याचा विधी असा बिनचूक आखलेला. पण प्रश्न विचारतो कोण? वेताळ! उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर डोके फुटेल, बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. शेवटी योग्याचा डाव राजाला कळतो तो वेताळामुळेच. आणलेला प्राणी आणणाऱ्याची परीक्षा घेतो, त्यात तो उत्तीर्ण झाला तर त्याला वाचवतोही. जगातल्या कोणत्याही नियमग्रंथात इतका चांगला नियम मी वाचलेला नाही.

आमच्या कन्नड विभागातले मित्र म्हणतील, वेताळाचे कौतुक पुरे, तुळुनाडूकडे पाहा. त्यांचे म्हणणे रास्त आहे. मंगळूर-उडुपीच्या पट्ट्यात भूत हा शब्द भीतीचा नाही, मानाचा आहे. २०२२ साली ‘कांतारा’ चित्रपट आला आणि पंजुर्ली व गुळिग ही नावे बेळगावच्या चित्रपटगृहांतही दुमदुमली. तेथे कोलाच्या रात्री पाड्दन गाऊन भूताला अंगात बोलावतात. आलेले भूत गावाची भांडणे ऐकते आणि निवाडा देते. बर्नेल या इंग्रज न्यायाधीशाने ही पाड्दने गोळा केली. १८९४ पासून ती एका संशोधन पत्रिकेत छापून आली तेव्हा वर मथळा होता ‘तुळुवांची सैतानपूजा’. वर्गीकरण चुकले की काय होते त्याचा हा नमुना. ज्याच्यापुढे गाव न्याय मागतो त्याला सैतानाच्या खान्यात टाकले गेले.

त्या पाड्दनांतली एक कथा कल्कुडाची आहे. कार्कळची बाहुबलीची अखंड पाषाणमूर्ती १४३२ सालची. ती घडवणाऱ्या शिल्पकाराने दुसरीकडे अशीच मूर्ती घडवू नये म्हणून राजाने त्याचा एक हात आणि एक पाय तोडला असे गाण्यात सांगतात. तो कल्कुड आणि त्याची बहीण कल्लुर्टी, दोघेही भूत झाले. त्यांना कोणत्या तत्त्वात घालणार? कल्कुडाने जन्मभर दगड फोडला म्हणून पृथ्वीतत्त्वात घालून चालेल का?

काही प्राध्यापक येथे आक्षेप घेतील की अशा लेखनाने अंधश्रद्धा वाढते. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. ३० ऑगस्ट २०१५ रोजी आपल्या शेजारच्या धारवाडात डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या घरी गोळ्या घालण्यात आल्या. कर्नाटकाने २०१७ साली अशाच स्वरूपाचा कायदा संमत केला आणि तो २०२० पासून अमलात आला. सीमेच्या दोन्ही अंगांना कायदे करावे लागले याचा अर्थ, भुतांच्या नावावर माणसे छळली जात होती. परंतु हा छळ फासे टाकणाऱ्या मुलांनी केलेला नव्हे. खेळात बोलावणारा स्वतः सांगतो की मी बोलावले. भानामतीच्या प्रकरणात गाव दुसऱ्याच कोणाकडे, बहुधा एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखवून म्हणते की हिने बोलावले. या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. किंबहुना हडळीची कथा खेळात आणून खेळणाऱ्याला तिच्या बाळंतपणाच्या खोलीपर्यंत नेले, तर त्या यादीचा खोटेपणा व्याख्यानापेक्षा लवकर उमगेल असे मला वाटते.

म्हणून खेळ रचणाऱ्या मित्रांना माझी सूचना अशी. चार खाने हवे तर ठेवा. ती सोय आहे. पण बोलावलेल्याला विचारण्याचा हक्क द्या. अग्निपुरुष आला तर त्याने विचारावे की ही शेगडी कोणाच्या घरची. आसरा आल्या तर त्यांनी नदीचा हिशेब मागावा, निपाणीच्या मळीत उभे राहून विचारावे की पाणी काळे कोणी केले. उत्तर देता आले नाही तर डाव बोलावणाऱ्यावर उलटावा, १९७४ साली उलटत होता तसा. आणि मुंजा आला तर लढाईला धाडण्याआधी त्याचे वय विचारून घ्यावे, तो बहुधा नऊ-दहा वर्षांचा असेल.

राहिला प्रश्न नावाचा. ‘तत्त्वप्राणी’ हा शब्द मी या लेखापुरता वापरला, तो फार रुक्ष आहे. ‘भूत’ हाच शब्द मराठी विभागात आणि कन्नड विभागातही ठेवावा, आणि पृथ्वीच्या खान्यात खेळणाऱ्याने आपले स्वतःचे नाव लिहावे.